“स्वतःबद्दल सांगा” या प्रश्नाआधीची तयारी

मुलाखतीतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: “स्वतःबद्दल थोडं सांगा.” आधीपासून माहीत असलेल्या याच प्रश्नावर अनेकजण अडखळतात. स्वतःबद्दल बोलायला तयारी कसली, असं वाटत असतं ना!

तयारी जाहिरातीपासून सुरू करा. त्या पदासाठी काय काय हवंय ते वाचा आणि त्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन-तीन गोष्टींखाली रेघ मारा. मग प्रत्येक रेघेसमोर आपल्या कामातला एक प्रसंग लिहा. “मी मेहनती आहे” यातून समोरच्याला काहीच कळत नाही. “महिनाअखेरच्या हिशेबाला पाच दिवस लागायचे, नोंदींची पद्धत बदलली आणि तो दोन दिवसांत व्हायला लागला,” हे लक्षात राहतं. आकडा मात्र खराच हवा, पुढचा प्रश्न त्यावरच येऊ शकतो. पहिलीच नोकरी असेल तर कॉलेजचा प्रोजेक्टही चालतो. फक्त “आम्ही केलं” यातलं तुम्ही काय केलं, ते वेगळं काढून ठेवा.

क्रम साधा ठेवा: सध्या काय करता, इथवर कसे आलात, आणि हेच काम का हवंय. घरात कोण कोण आहे, शाळेत किती टक्के होते, हे गाळा. बायोडेटा त्यांच्या समोरच असतो, तो वाचून दाखवू नका. मध्ये वर्षभर खंड पडला असेल तर त्याचं खरं कारण एका वाक्यात तयार ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळं मिळून दीड मिनिट, फार तर दोन.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट: मोठ्याने बोलून पाहणं. मनात म्हटलेलं नेहमीच सुरळीत वाटतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. कुठे घाई होते, “म्हणजे” किती वेळा येतं, सगळं सापडेल. पाठांतर करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. मुद्दे लक्षात ठेवा. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा. शेवटचं तर नक्कीच, कारण चांगलं बोललेली माणसंही “बस, एवढंच” म्हणून विरून जातात. त्याऐवजी, “या पदावर हेच काम मोठ्या प्रमाणावर करता येईल, म्हणून अर्ज केला,” असं काही म्हणा आणि थांबा. नंतरची शांतता भरून काढायची गरज नाही.

संस्थेच्या नावाचा उच्चार आधी तपासा. मुलाखत व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि आवाज कुणाला तरी ऐकवून बघा.

आदल्या रात्री नवीन वाक्य घालू नका. एकदा मोठ्याने म्हणा आणि कागद बॅगेत ठेवून द्या.