थंडीत गाडी उभ्या उभ्या तापवत बसू नका

परभणीकडं डिसेंबरात पारा १० अंशांखाली उतरला की पहाटे गल्लीत गाड्या दहा-दहा मिनिटं नुसत्या घुरघुरत असतात. डिझेल जळतं, इंजिन मात्र कोमटच!

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा विझू द्या (हे डिझेलवाल्यांसाठी), मग सेल मारा. अर्धा-एक मिनिट थांबा. तेवढ्यात काचेवरचं दव पुसून होतं. मग निघाच. चालती गाडी उभीपेक्षा लवकर तापते. पहिले चार-पाच किलोमीटर दमानं, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २००० च्या आसपास. तापमानाचा काटा मधे आला, किंवा इंजिन गार असल्याचा निळा दिवा गेला, की मग दाबा. हीटरही तोवर बंदच बरा, गार वाराच फेकतो.

पत्र्याच्या बंद शेडमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.