एका टेबलावर दोन घड्याळं: बर्गर आणि सुशी एकत्र कसं खावं

मी सहा वर्षं अशा किचनमध्ये काम केलं, जिथे डाव्या हाताला तापलेला तवा होता आणि उजव्या हाताला सुशीचा काउंटर. माझी जागा मधोमध. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, वाचायची, दोन्हीकडे आवाज द्यायचा, प्लेट तयार झाली की तिच्या कडा पुसून वेटरच्या हाती द्यायची. त्या सहा वर्षांत एक गोष्ट मला रोज खुपायची. लोक बर्गर आणि सुशी एकदम मागवायचे, दोन्ही एकदम टेबलावर जायचं आणि त्यातलं एक हमखास वाया जायचं. बहुतेक वेळा सुशीच. बर्गर गरम आहे म्हणून हात आधी तिकडे जायचा. अर्ध्या तासाने रोलची आठवण यायची, तोवर नोरी, म्हणजे रोलमधली समुद्री शेवाळाची पातळ पापडी, ओली होऊन चिवट झालेली असायची आणि भाताच्या कडा सुकलेल्या. ती प्लेट निम्मी भरलेली परत आली की सुशी बनवणारा शेफ काही बोलायचा नाही, पण तिच्याकडे बघायचा.

म्हणून अशा ठिकाणी जेवायला गेलात तर पहिलं काम हे करा. ऑर्डर देतानाच वेटरला सांगा, ‘आधी सुशी आणा. रोल अर्धा संपला की मी सांगेन, तेव्हा बर्गर तव्यावर टाका.’ इतकंच. यात किचनला कुठलाही त्रास नाही, उलट दोन्ही बाजूंची धावपळ कमी होते. आम्हाला असं सांगणारा ग्राहक भेटला की मी केओटीवर मोठा गोल काढून ठेवायचे. बर्गर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणून रोल पूर्ण संपायची वाट बघू नका. चार तुकडे उरले की खूण करा. जागा फारच गजबजलेली असेल आणि वेटर पुन्हा सापडेल की नाही अशी शंका असेल, तर सरळ दोन ऑर्डरी द्या. पहिली सुशीची, आणि ती टेबलावर आली की दुसरी बर्गरची.

हा क्रम का, ते समजलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. सुशी म्हणजे कच्चा मासा, असं पुष्कळ जण धरून चालतात. खरं तर सुशी म्हणजे भात. व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून मुरवलेला भात. मासा असेल, काकडी असेल, अंडं असेल, पण तो भात नसेल तर ती सुशी नाही. हा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो तेव्हा सर्वांत चांगला लागतो, एकेक दाणा वेगळा कळतो. फ्रीजमध्ये गेला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा खडखडीत लागतो. नोरीचं तर आणखी नाजूक. ती भाजलेली असते, कुरकुरीत असते आणि भाताची वाफ लागल्या क्षणापासून मऊ पडायला लागते. नोरी बाहेरून असलेला रोल किंवा हातात धरायचा शंकू, म्हणजे तेमाकी, समोर आल्यावर लगेच खावा. भात बाहेर आणि नोरी आत असा उरामाकी मागवलात तर थोडी सवड मिळते, कारण त्यात नोरीच्या कुरकुरीतपणावर सगळं अवलंबून नसतं. गप्पा मारत सावकाश जेवायचं असेल तर मी उरामाकीच सुचवते.

बर्गरचं घड्याळ वेगळं चालतं. तव्यावर दाबून तांबूस केलेली पॅटी उतरवली की तिचा रस बनमध्ये उतरायला लागतो. चांगल्या ठिकाणी बनची आतली बाजू लोण्यावर भाजतात ती नुसत्या चवीसाठी नाही, त्या भाजलेल्या थरामुळे रस थोडा वेळ अडतो. थोडाच वेळ. बर्गर आल्यापासून पहिली दहा मिनिटं त्याची. फ्राइजची त्याहूनही कमी, म्हणून फ्राइज सुशीसोबत ‘तोंडात टाकायला’ मागवू नका. बर्गर येईल तेव्हाच येऊ द्या.

सुशी आधी घेण्याचं दुसरं कारण जिभेचं. चरबी, धूर, वितळलेलं चीज यांचा थर जिभेवर बसला की त्यानंतर काकडीचा रोल किंवा पांढरा मासा बेचव वाटतो. त्यात त्या शेफचा काही दोष नसतो. सुशीच्या आतही हाच नियम लावा. आधी काकडी, पांढरा मासा, मग ट्यूना आणि सॅमन, मग गोड सॉस लावलेला ईल मासा, शेवटी तळलेल्या कोळंबीचा किंवा तिखट मेयोनेजचा रोल. त्या शेवटच्या रोलवरून बर्गरकडे जाणं अगदी सोपं, कारण तोवर जीभ जड चवींना तयार झालेली असते.

किती मागवायचं? दोघांसाठी आठ तुकड्यांचा एक रोल, निगिरीची, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीची, एक जोडी आणि एक बर्गर मधून कापून. भूक उरली तर आणखी मागवता येतं. बर्गर कापून आणायला किचनलाच सांगा. तिथे दातेरी सुरी असते, टेबलावरच्या सुरीने बन चेपतो आणि सगळं बाजूने बाहेर येतं.

मेन्यूत दोन्हीचं मिश्रण केलेले पदार्थही असतील. त्यांना बुजू नका, यातले काही चांगले जुने आहेत. जपानमधल्या मॉस बर्गर या साखळीने तेरियाकी बर्गर, म्हणजे सोया सॉसचा गोडसर सॉस लावलेला, १९७३ साली आणला आणि भाताच्या चकत्यांचा राइस बर्गर १९८७ साली. तेरियाकी बर्गर मी कुणालाही डोळे मिटून सुचवेन. तो जमतो त्याला कारण आहे. १९०८ साली किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी असं नाव दिलं. तेच ग्लुटामेट सोया सॉसमध्ये आहे, पिकलेल्या टोमॅटोत आहे, मुरलेल्या चीजमध्ये आहे. म्हणजे बर्गर आणि सुशी ही माणसांना वाटतात तितकी एकमेकांना परकी नाहीत. सोया सॉस लावलेली पॅटी, लोणचवलेलं आलं घातलेला कोबी, वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी मिसळलेलं मेयोनेज हे सगळं बर्गरमध्ये छान बसतं. राइस बर्गर घेतलात तर भाताची चकती भाजलेली आहे का ते विचारा. न भाजलेली चकती दुसऱ्या घासाला सुटते. कच्चा मासा घातलेला थंड ‘सुशी बर्गर’ कागदात घट्ट गुंडाळूनच धरावा लागतो, नाहीतर सरळ काट्याने खा. एक प्रकार मात्र मी कधी सुचवत नाही: खिम्याची पॅटी भरलेला रोल. गुंडाळून, दाबून, कापून तो समोर येईपर्यंत खिमा निवतो, चरबी गोठते आणि भाताला तेलकट चिकटते. आम्ही तो दोन महिने मेन्यूवर ठेवला होता आणि मी एकदाही मनापासून प्लेट पुढे केली नाही.

आता विचारायच्या गोष्टी, आणि इथे संकोच अजिबात नको. कच्चा मासा असेल तर तो आधी गोठवलेला होता का, हे विचारा. परजीवी मरावेत यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेलं एक प्रमाण उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस असं आहे. ‘गोठवलेला’ म्हणजे शिळा असा समज मनातून काढून टाका, इथे तो काळजीचा भाग आहे. पण गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत, म्हणून वास आणि स्वच्छता यांना पर्याय नाही. माशाला उग्र वास आला तर तुकडा खाली ठेवा आणि सांगा. गरोदर बाईने, लहान मुलांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. शिजवलेली कोळंबी, अंडं, ॲव्होकॅडो, काकडी यांची सुशी तितकीच सुशी आहे.

पॅटीबद्दलही तसंच. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जिवाणू बहुतेक वरच्या बाजूला असतात, पण खिमा करताना तेच आत सगळीकडे मिसळतात. म्हणून गोमांसाच्या खिम्यासाठी ७१ अंश आणि कोंबडीच्या खिम्यासाठी ७४ अंश सेल्सिअस हे आतलं तापमान अमेरिकेच्या कृषी खात्याने सुचवलेलं आहे. नुसत्या रंगावरून ते कळत नाही. आमच्या तव्याशेजारी थर्मामीटर टांगलेला असायचा आणि कुणी विचारलं तर मी अभिमानाने सांगायचे.

शाकाहारी माणसांसाठी थोडं सविस्तर सांगते, कारण हे माझ्या आईच्या बाबतीत घडलं. मी काम सोडल्यावर आम्ही दोघी एका ठिकाणी गेलो. तिने मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सूप आणि इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, असं मागवलं. दोन्हीवर शाकाहारी अशी खूण होती. सूप अर्धं संपल्यावर मला त्यात वाळवलेल्या माशाची ओळखीची चव लागली. सूपच्या मुळाशी असलेली दाशी, म्हणजे पातळ रस्सा, वाळवलेल्या बोनिटो माशाची होती, आणि इनारीची पिशवीही त्यातच उकळलेली. आई शांतपणे चमचा ठेवून बसली. तो चमचा ठेवल्याचा आवाज मला अजून आठवतो. मी अशा किचनच्या आतलं सगळं जाणत होते आणि तरी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी ‘शाकाहारी आहे का’ असं विचारत नाही, नेमकं विचारते: दाशी कशाची? भाज्या कोळंबीच्याच तेलात तळता का? भाजीची पॅटी मांसाच्याच तव्यावर भाजता का? रोलवरचे नारिंगी दाणे माशाची अंडी आहेत का? मेयोनेजमध्ये अंडं आहे का? बर्गरच्या सॉसमध्ये वूस्टरशायर नावाचा आंबट-खारट सॉस असेल तर त्यात अँकोव्ही मासा असू शकतो.

ॲलर्जी असेल तर ऑर्डर देण्याच्या आधी, बसल्याबसल्या सांगा. अशा किचनमध्ये गहू, सोया, तीळ, अंडं, दूध, मासे, कोळंबी-खेकडा हे सगळं काही फुटांच्या अंतरात असतं. गहू सोडलेल्यांनी दोन जागा खास लक्षात ठेवाव्यात. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि ‘खेकड्याची कांडी’ म्हणून जी मिळते ती बहुधा पांढऱ्या माशाची असते, तिच्यातही गव्हाचा स्टार्च असू शकतो.

खाण्याच्या पद्धतीचं दडपण घेऊ नका. आजची निगिरी १८२०च्या दशकातल्या एदोमधली, म्हणजे आजच्या तोक्योतली. तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात आणि त्या काळी लोक गाड्यावर उभ्याउभ्या ती खात. बर्गरची पहिली साखळी, व्हाइट कॅसल, १९२१ साली अमेरिकेतल्या विचिटा शहरात सुरू झाली, तीही झटपट हातात घेऊन खाण्यासाठीच. दोन्ही हाताने खायचे पदार्थ आहेत. निगिरी बोटांनी उचला, उलटी करा आणि माशाची बाजू सोया सॉसला जेमतेम टेकवा. भाताची बाजू बुडवली तर तो सॉस शोषून विस्कटतो. ज्या रोलवर आधीच सॉस ओतलेला आहे त्याला सोया सॉसची गरज नाही. वासाबी थोडी तुकड्यावरच ठेवा. बहुतेक ठिकाणी ती हॉर्सरॅडिश आणि मोहरीची असते, पण तिचाही झणका सॉसमध्ये कालवल्यावर बोथट होतो. आलं दोन वेगळ्या तुकड्यांच्या मध्ये खायचं, तोंड साफ करायला. मी एक फोड बर्गर येण्याआधीही खाते, आणि बर्गरच्या अध्येमध्येही. तुपकट झालेली जीभ त्याने लगेच हलकी होते. चॉपस्टिक वापरल्यात तर भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. जपानमध्ये या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

बर्गर उलटा धरून बघा. वरचा बन जाड असतो, तो खाली आला की रस जास्त वेळ पेलतो. माझा भाचा पूर्वी प्रत्येक बर्गर अर्ध्यावर काट्याने संपवायचा, आता शेवटपर्यंत हातात धरतो.

आणि उरलं तर? बर्गरची पॅटी, बन आणि पाला वेगवेगळे बांधून मागा, घरी पॅटी तव्यावर कडकडीत गरम करून पुन्हा रचा. कच्च्या माशाची सुशी बांधून नेऊ नका. रोल अजून ताजा असेल तर शेजारी बसलेल्याला विचारा. आमच्याकडे एक आजोबा नेहमी एकटे यायचे आणि पूर्ण रोल संपणार नाही म्हणून चारच तुकडे मागायचे. मेन्यूत अर्धा रोल नव्हता, पण शेफ त्यांना तो करून द्यायचा. तेव्हा तुम्हीही मागून बघा.