परक्याचा कोड आपल्या सर्व्हरवर चालवताना

डिप्लोमा संपल्यावर पुण्या-मुंबईला न जाता मी रत्नागिरीतच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. पहिल्याच वर्षी जे काम हातात आलं, ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्यावरही तशी वेळ येईल, म्हणून लिहितोय.

आंबा बागायतदारांच्या हिशेबाचा प्रोग्राम होता. पाच डझनाच्या पेटीचा भाव, वाशीपर्यंतचं गाडीभाडं, हमाली, दलाली, डाग पडलेल्या फळाची वजावट. प्रत्येकाची मांडणी निराळी. म्हणून ज्याचं सूत्र त्यानेच लिहावं, अशी सोय द्यायची होती. मी ते सूत्र सरळ पायथनच्या इव्हॅलला, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, दिलं. बिल्ट-इन फंक्शन्स काढून टाकली होती, त्यामुळे फाइल उघडता येणार नाही अशी माझी खात्री होती.

आमच्या वरिष्ठ ताईंनी सूत्राच्या रकान्यात एकच ओळ लिहिली. रिकामा टपल घ्यायचा, त्याचा क्लास विचारायचा, तिथून मूळ ऑब्जेक्टवर जायचं आणि त्याचे सगळे सबक्लास मागायचे. त्यातल्या एका क्लासच्या फंक्शनमधून ओएस मॉड्यूल हाती लागलं आणि सर्व्हरवरच्या फाइलींची यादी स्क्रीनवर आली. त्यात इतर बागायतदारांचे हिशेब होते. मला घाम फुटला.

‘गडग्याने गुरं अडतात रे, वानरं नाही,’ ताई म्हणाल्या.

तरी दोन दिवस मी तोच गडगा उंच करत बसलो. अशा आतल्या नावांत येणाऱ्या जोडअंडरस्कोरवर बंदी घातली, तर ताईंनी ते तुकड्यांत जोडून फॉरमॅट फंक्शनमधून आतली माहिती वाचून दाखवली. हे दोन दिवस तुम्ही घालवू नका. पायथनमध्ये परका कोड बंदिस्त चालवण्यासाठी आरएक्झेक नावाचं मॉड्यूल होतं. ते असुरक्षित ठरल्यामुळे २००३ साली २.३ आवृत्तीत बंद केलं गेलं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या व्हीएम मॉड्यूलच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की हे सुरक्षेचं साधन नाही. त्यावर बेतलेली व्हीएम२ ही लोकप्रिय लायब्ररी पळवाटा बुजवता बुजवता २०२३ मध्ये तिच्या कर्त्यांनीच थांबवली. सगळं देऊन मग धोक्याचं तेवढं काढायचं, ही दिशाच चुकीची आहे.

आम्ही सूत्रांसाठी ल्युआ ही छोटी स्क्रिप्टिंग भाषा घेतली. तिथे स्क्रिप्टला रिकामं टेबल हेच तिचं जग म्हणून देता येतं आणि हवं तेवढंच त्यात घालता येतं. पण इथेही बारकावे आहेत, ते नीट समजून घ्या. कोड लोड करताना फक्त मजकूर स्वीकारा. बनवून आणलेला बायटकोड (इंटरप्रिटरसाठी आधीच भाषांतरित केलेला कोड) इंटरप्रिटर पाडू शकतो. स्ट्रिंग लायब्ररी दिली नाही तरी कुठल्याही स्ट्रिंगवर कोलन लावून तिची फंक्शन्स मिळतातच, कारण ती स्ट्रिंगच्या मेटाटेबलमधून, म्हणजे तिचं वागणं ठरवणाऱ्या टेबलातून येतात. न संपणाऱ्या लूपसाठी सूचना मोजणारा हुक (ठरावीक सूचनांनंतर आपोआप चालणारं फंक्शन) लावून एरर टाकता येते, पण एरर पकडणारं पीकॉल हाती असेल तर स्क्रिप्ट ती एरर गिळून पुढे चालू राहते. आणि मजकूर पुन्हा पुन्हा जोडणाऱ्या रेप (रिपीट) फंक्शनच्या एकाच कॉलने प्रचंड मोठी स्ट्रिंग बनवली, तर ते काम आत सी भाषेतल्या कोडमध्ये होतं. हुकला मध्ये पडायला संधीच नाही.

म्हणूनच खरी भिंत ऑपरेटिंग सिस्टिमची. स्क्रिप्टसाठी वेगळी प्रोसेस, कमीत कमी अधिकारांचा वेगळा युजर, नेटवर्क बंद, सीपीयू आणि मेमरीला सेटआरलिमिट या सिस्टिम कॉलची मर्यादा. झोपलेली प्रोसेस सीपीयू वापरत नाही, त्यामुळे घड्याळाची मुदत बाहेरच्या प्रोसेसने पाळायची. लिनक्सवर सेककॉम्प या सोयीने सिस्टिम कॉलही (प्रोसेसने कर्नलकडे मागितलेली कामं) मोजकेच ठेवता येतात. कंटेनर उपयोगी आहे, मात्र त्यातला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होस्ट मशीनचाच असतो, हे विसरू नका.

सुरुवात करायची तर आधी सेटआरलिमिट आणि नवी प्रोसेस काढणारा फोर्क हाताने वापरून बघा. तयार साधनं नंतर.

आता नवीन येणाऱ्याला आम्ही पहिला आठवडा हीच व्यवस्था मोडायला देतो. तीही आतलं ल्युआचं कुंपण पडलंय असं धरून. मागच्या मे महिन्यात लांज्याहून आलेल्या मुलीने तिसऱ्या दिवशी डेटाबेसचा पासवर्ड काढून दाखवला. तो आम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवला होता, आणि चाइल्ड प्रोसेसला तो आपोआप वारशाने मिळत होता. चार वर्षं आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिच्याच हातून ती दुरुस्ती चढवली.