अमेरिकन क्रांतीआधीची बारा वर्षं कशी वाचावीत

मी इतिहास शिकवते. हा धडा निघाला की वर्गातून ठरलेलं उत्तर येतं: ब्रिटिशांनी कर वाढवले, वसाहती चिडल्या, चहा समुद्रात गेला. एवढ्यावर मार्क मिळतात, पण १७६३ ते १७७५ मध्ये माणसं कशाने पेटत गेली ते कळत नाही. मळीवरचा कर तर निम्मा केला होता आणि चहा स्वस्त होणार होता. मग राग कशाचा? तो शोधायची माझी रीत सांगते.

एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला कायदे सालवार लिहा आणि प्रत्येकापुढे चार रकाने आखा: कर किती, कोणत्या नाण्यात भरायचा, खटला कुठे चालणार, वसूल झालेला पैसा कुठे जाणार. पहिला रकाना सगळेच भरतात. उरलेले तीन भरल्याशिवाय पुढच्या कायद्याकडे जाऊ नका.

सुरुवात १७६४ च्या साखर कायद्यापासून करा. फ्रान्सशी झालेल्या युद्धाने ब्रिटनच्या डोक्यावर प्रचंड कर्ज चढलं होतं. न्यू इंग्लंडमधले, म्हणजे ईशान्येकडच्या वसाहतींतले, रम गाळणारे कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवरून मळी आणत. तिच्यावर १७३३ पासून गॅलनला ६ पेन्स कर होता, पण तो फारसा कुणी भरत नसे. जकातवाल्याचा हात ओला केला की काम होई. नव्या कायद्याने कर ३ पेन्सवर आणला आणि वसुली मात्र खरोखर सुरू केली. आता तिसरा रकाना पाहा: खटला नौदल न्यायालयात, ज्यूरीविना. गावातली ज्यूरी आपल्या माणसाला सोडून द्यायची, ती वाटच बंद झाली.

१७६५ च्या स्टॅम्प कायद्याला दुसरा रकाना महत्त्वाचा. वर्तमानपत्रं, मृत्युपत्रं, परवाने, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर, आणि तो स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या चलनात, भरायचा. वसाहतींत त्याच पैशाची चणचण होती. शिवाय फटका बसला तो छापखानेवाल्यांना आणि वकिलांना, म्हणजे ज्यांचा आवाज सगळ्यांत मोठा त्यांनाच. इथे थॉमस हचिन्सनसाठी थोडा वेळ काढा. हा मॅसॅच्युसेट्सचा उपराज्यपाल. खासगीत त्यालाही हा कायदा चुकीचा वाटत होता, तरी २६ ऑगस्टच्या रात्री जमावाने त्याचं बॉस्टनमधलं घर फोडलं. त्याने लिहिलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासाचं हस्तलिखित रस्त्यावरच्या चिखलात पडलं. हे मी मुलांना आवर्जून सांगते. देशभक्तांची, म्हणजे ब्रिटिश करांना विरोध करणाऱ्या वसाहतवाल्यांची, बाजू न्याय्य वाटत असली तरी ही रात्र वगळू नये.

१७६६ मध्ये कायदा रद्द झाला, हे वाचून पान उलटू नका. त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा केला: वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधणारे कायदे करायचा हक्क आमचाच. त्यात एका पैचाही कर नाही, म्हणून विद्यार्थी तो गाळतात. माझ्या मते सगळं भांडण त्या एका वाक्यात आहे.

ब्रिटनचा अर्थमंत्री टाउनशेंड याचे १७६७ चे कर काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर होते. इथे चौथा रकाना. या पैशातून राज्यपाल आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. तोवर बहुतेक ठिकाणी ते पगार लोकांनी निवडलेली सभा मंजूर करायची आणि त्या जोरावर राज्यपालाला वठणीवर आणायची. तो लगामच हातातून जाणार होता.

५ मार्च १७७० च्या बॉस्टन गोळीबारासाठी पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्या देशभक्त कारागिराचं चित्र समोर ठेवा. ब्रिटिश सैनिक एका ओळीत उभे, मागे तलवार उगारलेला अधिकारी, जकात कचेरीवर ‘कसायाचं दालन’ अशी पाटी. मग खटला वाचा: बर्फाची रात्र, सोटे घेतलेला जमाव, गोंधळ. पाच माणसं मेली हे खरंच. पण आरोपींचं वकीलपत्र देशभक्तांच्याच बाजूच्या जॉन अ‍ॅडम्सने घेतलं, सैनिकांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन सुटला आणि फक्त दोन सैनिक सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. चित्र आणि खटला यांत जिथे फरक पडतो तिथे खूण करा. प्रचार कसा घडतो ते तिथे दिसतं.

१७७३ चा चहा आता सोपा जाईल. ईस्ट इंडिया कंपनीला लंडनमध्ये पडून असलेला माल थेट अमेरिकेत पाठवायची मुभा मिळाली. भाव उतरणार होता, पण एक पौंड वजनामागे ३ पेन्सचा टाउनशेंडचा जुना कर कायम होता. स्वस्त चहा घेणं म्हणजे तो कर मान्य करणं. बॉस्टनमध्ये माल विकायला नेमलेल्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. १७ डिसेंबरपासून जकात खातं न उतरवलेला माल जप्त करू शकत होतं, म्हणून १६ च्या रात्रीच तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

चहा बुडवल्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये केलेल्या कायद्यांत बॉस्टनचं बंदर बंद केल्याचंच नाव घेतलं जातं. तुम्ही मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा कायदा जास्त बारकाईने वाचा. वरिष्ठ मंडळ आता राजा नेमणार, आणि राज्यपालाच्या परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच. बंदरापासून दूर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात हा कायदा पोचला. सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आतल्या भागातल्या वूस्टर गावी हजारो माणसं जमली आणि त्यांनी न्यायालय बंद पाडलं. लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते. तिथल्या लढाईकडे वळण्याआधी वूस्टरची ही नोंद तुमच्या कागदावर असू द्या.