मुंबई ते सिंगापूर: अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

समजा, तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री ११.३० आणि सिंगापूरला पोहोचण्याची वेळ सकाळी ७.३० अशी छापली आहे. घरातले कोणीतरी लगेच बोटे मोजून आठ तासांचा प्रवास असल्याचे सांगून मोकळे होते. प्रत्यक्षात तो साडेपाच तासांचा असतो, कारण सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ सिंगापूरची असते, आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे चालते.

अंतराचा अंदाज शाळेतल्या भूगोलावर आणि भूमितीवर घरीच काढता येतो. मुंबई विमानतळ सुमारे १९.१ उत्तर अक्षांश व ७२.९ पूर्व रेखांशावर, तर सिंगापूरचा चांगी विमानतळ १.४ उत्तर व १०४.० पूर्वेवर आहे. अक्षांशांतील फरक १७.७ अंश, एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, की दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,९६५ किलोमीटर येते. रेखांशांतील फरक ३१.१ अंश आहे, परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जात असल्याने १११ ला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या, म्हणजे १०.२५ अंशांच्या, कोसाइनने गुणावे लागते. तो ०.९८४ असल्याने एका अंशाचे सुमारे १०९.२ आणि एकूण पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ३,३९६ किलोमीटर होते. आता या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढावा: उत्तर ३,९२० किलोमीटरच्या आसपास येते, आणि पृथ्वीची गोलाई धरून काढलेले नेमके अंतरही जवळजवळ तेवढेच आहे. विषुववृत्ताजवळच्या शहरांसाठी ही रीत उत्तम चालते. टोकियोसारख्या दूरच्या व उत्तरेकडील शहरासाठी मात्र बृहद्वृत्ताचे, म्हणजे गोल पृथ्वीवरून दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर देणारे, सूत्रच वापरावे.

प्रवासी जेट विमान उंचावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. ८५० ने भागल्यास सुमारे ४ तास ३७ मिनिटे मिळतात. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो, म्हणून धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि उतरण्यासाठी रांगेत थांबणे यांकरिता पाऊण तास वाढवावा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने इथली रांग हा किरकोळ मुद्दा नाही.

वाऱ्याचाही विचार करावा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, टोकियोला जाणाऱ्या विमानाला पुढे ढकलतो आणि परतताना अडवतो, त्यामुळे एकाच मार्गावर जाण्या-येण्याच्या वेळांत तास-दोन तासांचा फरक पडू शकतो. सिंगापूरच्या मार्गावर हा फरक बराच कमी असतो.

परतीच्या हिशोबात अडीच तास मिळवावेत. सिंगापूरहून सायंकाळी ७ ला निघून मुंबईत रात्री १०.१० ला उतरणारे विमान ३ तास १० मिनिटांत नव्हे, तर ५ तास ४० मिनिटांत येते.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे जाणार असतील, तर एका कागदावर दोन रकाने आखून प्रत्येक टप्प्याची मुंबईची व सिंगापूरची वेळ शेजारी शेजारी लिहून द्यावी. ठरावीक तासांनी घ्यायचे औषध असल्यास मात्र मध्ये प्रत्यक्ष किती तास जातात ते मोजावे, आणि तो कागद निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावा.