फोनवर घरच्या सर्व्हरची गाणी अडकतात? या चुका टाळा

आमच्या नेरुळच्या घरात बाबांचा दिवस पहाटे साडेपाचला अभंगांनी सुरू होतो. त्यांच्या जुन्या कॅसेट मी दोन वर्षं खपून कॉम्प्युटरवर उतरवल्या, रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरला हार्डडिस्क जोडून तो घरचा सर्व्हर केला, त्यावर नॅव्हिड्रोम हे गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्यांच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं. आठवडाभरातच ते म्हणाले, "पहिलं गाणं लागतच नाही रे. दुसऱ्यांदा दाबलं की लागतं." मी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, राउटर बंद करून चालू केला, वायफायचा पासवर्डसुद्धा बदलला. काही फरक पडला नाही, कारण बिघाड या तिन्हींत नव्हताच.

रात्रभर कोणी गाणं मागितलं नाही की हार्डडिस्क फिरायची थांबत होती. थांबलेली डिस्क पुन्हा वेग घेऊन वाचण्याजोगी व्हायला बरेच सेकंद जातात. तोवर अ‍ॅप वाट पाहणं सोडून देत होतं आणि जोडणी झाली नाही असं सांगत होतं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत डिस्क फिरायला लागलेली असायची. डिस्क किती वेळाने थांबावी हे पायवरच्या लिनक्स सिस्टिममध्ये ठरवता येतं, पण डिस्क ज्यात बसवतात ते कित्येक यूएसबी केस ही सूचना जुमानतच नाहीत. शेवटी गाणी एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर हलवली. तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे पहाटेचं पहिलं गाणं आता लगेच लागतं.

तुटतं कुठे, ते आधी शोधा

माझी खरी चूक हीच होती की कुठे अडतंय ते न बघता मी दुरुस्तीला लागलो. फोन, राउटर, सर्व्हर आणि डिस्क ही साखळी आहे. गाणं अडकेल त्याच क्षणी फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता पोर्टसकट, म्हणजे पुढे ':' देऊन लिहायच्या आकड्यासकट, टाकून बघा. नॅव्हिड्रोमचा पोर्ट सहसा ४५३३ असतो, जेलिफिन या तशाच सॉफ्टवेअरचा ८०९६. पान झटकन उघडलं तर वाट मोकळी आहे. दोष अ‍ॅपमध्ये किंवा डिस्कमध्ये शोधा. उघडलं नाही तर राउटरचं स्वतःचं पान उघडतं का ते बघा. तेही उघडत नसेल तर अडचण फोन आणि राउटर यांच्यामध्ये आहे. राउटर दिसतो पण सर्व्हर दिसत नाही, असं असेल तर सर्व्हर बंद पडलाय किंवा त्याचा पत्ता बदललाय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कधी अडकलं ती वेळ लिहून ठेवा. आमच्या घरी "फक्त पहाटे" या दोन शब्दांनीच डिस्कपर्यंत पोचवलं.

पत्ता बदलतो, अ‍ॅपला कळत नाही

पावसाळ्यात वीज गेली, आली, की दुसऱ्या दिवशी गाणी बंद, हे ठाण्यात आणि नवी मुंबईत बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. राउटर नव्याने सुरू झाला की सर्व्हरला दुसराच पत्ता मिळू शकतो. काल १९२.१६८.१.५ वर असलेला पाय आज १९२.१६८.१.९ वर असतो आणि अ‍ॅप बिचारं जुन्याच दारावर थाप मारत राहतं. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. तिथे सर्व्हरचा मॅक पत्ता (त्या उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदवून त्याला कायमचा एक पत्ता बांधून द्या. हे न करता पायवरच मनाने एखादा आकडा भरू नका. तोच आकडा राउटरने उद्या टीव्हीला दिला तर दोघांची टक्कर होते, आणि मग गाणं कधी लागतं, कधी नाही. असा बिघाड शोधताना अक्षरशः रडू येतं.

पत्त्याऐवजी नाव वापरत असाल तर अँड्रॉइडमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' (नावावरून पत्ता शोधण्याची सोय) तपासा. तिथे बाहेरच्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर घरातली नावं तिला कुठून ठाऊक असणार?

दोन राउटर, दोन वेगळी घरं

फायबरवाल्याने दाराजवळ लावलेल्या राउटरची रेंज आतल्या खोलीत येत नाही, म्हणून आपण दुसरा राउटर आणतो. तो 'राउटर' मोडमध्येच राहिला तर स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. सर्व्हर त्याला जोडलेला आणि फोन दाराजवळच्या वायफायवर, असं झालं की फोनला सर्व्हर दिसत नाही. आतल्या खोलीत गाणं लागतं, हॉलमध्ये बंद पडतं. आपण मात्र दोष भिंतींना देतो. दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच पुढे नेईल. फोन गेस्ट वायफायवरही नको. तिथून घरातली उपकरणं मुद्दाम झाकलेली असतात. आणि सर्व्हर शक्यतो केबलने जोडा.

भिंतींचा दोष असतोही. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल काँक्रीटमध्ये लवकर क्षीण होतो, २.४ चा जरा लांब जातो. पण टॉवरमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर २.४ वरच गर्दी करतात. त्यात चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा.

फोनचा अतिशहाणपणा

इंटरनेट गेलं की घरातली गाणीही थांबतात का? सर्व्हर घरातच आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. पण फोनला वाटतं, हे वायफाय निकामी आहे, आणि तो मोबाइल डेटावर उडी मारतो. ती आपोआप जाण्याची सोय बंद करा. स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांत गाणं थांबत असेल, तर बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. आयफोनवर 'लोकल नेटवर्क'ची परवानगी दिली आहे ना, ते बघा.

पायला फोनचा चार्जर

हे करू नका. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो. त्याच्या सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. डिस्क जास्त ओढायला लागली की ती मध्येच तुटते. सिस्टिमच्या नोंदींत 'अंडर-व्होल्टेज' दिसलं तर आधी अ‍ॅडॉप्टर बदला.

घराबाहेर

बाहेरून गाणी ऐकण्यासाठी राउटरमध्ये सर्व्हरचा पोर्ट उघडूनही काही लागत नसेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. पोर्ट उघडून उपयोग नाही. टेलस्केलसारखी व्हीपीएनची (फोन आणि घर यांच्यात खाजगी वाट करून देणारी) सोय वापरा, ती सुरक्षितही आहे. मात्र अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो. माझी बहीण ऐरोलीच्या ऑफिसात जाते. फोनवर ऑफिसचा व्हीपीएन लावला की तिची गाणी बंद. म्हणून ती आता रात्रीच घरच्या वायफायवर दोन-तीन अल्बम फोनमध्ये उतरवून ठेवते. ठाणे-वाशी लोकलसाठी मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.