अर्धी सोडलेली रांगोळी

ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) झाल्यावर पहिली चार वर्षं मी रांगोळीच्या कार्यशाळा एकाच पद्धतीनं घेतल्या. आम्ही तिघी-चौघी पहाटे जायचो, वाचनालयाच्या नाहीतर सोसायटीच्या अंगणात आठ-दहा फुटांची रांगोळी काढायचो आणि नऊला लोक जमायचे. कौतुक करायचे, फोटो काढायचे, "पाय लागेल रे" म्हणत पोरांना मागे ओढायचे आणि घरी जायचे. आम्ही अहवालात 'उत्तम प्रतिसाद' लिहायचो. त्यांतल्या एकानंही चिमूटभर रांगोळी हातात घेतलेली नसायची.

एकदा ठाण्यातल्या एका सोसायटीत ठिपके मांडून झाले आणि पांढरी रांगोळीच संपली. चूक माझीच, आदल्या दिवशी डबा उघडून पाहिला नव्हता. ठिपके होते १५ ते ८: मधली ओळ १५ ची, वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, एकूण १६९. मी दुकान उघडायची वाट बघत बाहेर थांबले. परत आले तर दुसऱ्या मजल्यावरच्या एक काकू घरची रांगोळीची वाटी घेऊन खाली बसलेल्या. "याची कमळं होतात, माझी आई काढायची," म्हणाल्या. तिसरं कमळ चुकलं तेव्हा वॉचमनच्या बायकोनं न विचारता बोटानं रेघ पुसली आणि स्वतः ओढून दिली. तासाभरात तिथे अकराजण बसले होते. त्या दिवसापासून मी रांगोळी पूर्ण काढून ठेवत नाही. ठिपके आणि एक कोपरा, एवढंच आमचं. बाकी जागा येणाऱ्यांची.

या कामात नव्यानं येणाऱ्यांचा हात सहसा चांगला असतो आणि नेमकी तीच अडचण होते. तुमची रेघ इतकी सफाईदार दिसते की शेजारी बसलेली बाई आपली वाटी पदराआड सरकवते. पहिल्या दिवशी शिकवू नका. "तुमच्याकडे दारात काय काढायचे?" एवढं विचारा आणि गप्प बसा. कुणी जुनी वही आणेल, तर कुणी उदबत्तीनं भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद. कोकणातल्या एक आजी आम्हाला भाताची तुसं जाळून केलेल्या पांढऱ्या राखेबद्दल अर्धा तास सांगत होत्या. शिरगोळ्याची, म्हणजे पांढऱ्या मऊ दगडाच्या पुडीची रांगोळी त्यांच्या घरी फार उशिरा आली.

सामानाचं थोडक्यात सांगते. गुळगुळीत टाइल्सवर गेरू धरत नाही, ओघळतो. गेरू लावून वाळवलेली प्लायवूडची फळी न्या. रांगोळी फार बारीक असेल तर चिमटीतून सुटत नाही, गुठळी पडते. जराशी रवाळ हवी. पंखे बंद करायला आधीच सांगून ठेवा. आणि दोन-तीन फळ्या टेबलावर मांडाच. गुडघे दुखतात म्हणून लांब उभ्या राहिलेल्या बायकांनाच सगळ्यात जास्त आकृत्या येत असतात.

चैत्रांगणाला मात्र वेळ द्या. चैत्रातल्या तिजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर माहेरी असते, तेवढा महिना ते काढायचं. पाळण्यातली गौर, चंद्र-सूर्य, शंख, चक्र, गदा, कमळ, कासव, नाग, गोपद्मं, तुळशीवृंदावन. क्रम घराघरांत वेगळा असतो, त्यामुळे 'बरोबर' चैत्रांगण दाखवायच्या फंदात पडू नका. एका वर्षी आम्ही त्याला हळदीकुंकू जोडलं. डाळ-पन्हं होतं, गर्दीही झाली. पण दरवर्षी सगळ्यात आधी येणाऱ्या एक मावशी दारातूनच परतल्या. त्यांचे यजमान आदल्या पावसाळ्यात गेले होते. मला ते आधी सुचायला हवं होतं. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलनं कासव काढून दिलं. पाठीवर आडव्या-उभ्या रेघा आणि प्रत्येक चौकोनात एक टिंब. आता निमंत्रणात मी 'चैत्रांगण काढायला या' एवढंच लिहिते, डाळ-पन्हं सगळ्यांना. पुढच्या चैत्रात त्या मावशी आल्या आणि गौर त्यांनीच काढली.

शाळांत शिरायचं असेल तर कार्यानुभवाच्या तासाची वाट पाहू नका, गणिताच्या शिक्षकांना गाठा. तमिळ कोलममध्ये, म्हणजे तिकडच्या रांगोळीत, ठिपक्यांभोवती रेघ वळत वळत जिथून निघाली तिथेच परत येते. त्यामागच्या नियमांवर मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात संशोधन केलं, थेट संगणकशास्त्राच्या अंगानं. हे सांगितलं की मुख्याध्यापकही दोन तास देतात. आमच्या भागातल्या एक तमिळ मामी तांदळाच्या पिठानं कोलम काढून दाखवतात. "मुंग्या खातील, चिमण्या खातील, म्हणूनच पीठ," असं त्या मुलांना सांगतात, आणि मुलं मधल्या सुट्टीत मुंग्या आल्या का ते बघायला धावतात.

मानधनाचं बोलायला कुणाला आवडत नाही, पण बोला. ज्या आजी, मामी शिकवायला येतात त्यांना तुमच्याइतकेच पैसे मिळाले पाहिजेत. "त्या हौसेनं करतात," असं आयोजक म्हणतील. हौस तुम्हालाही आहेच की! अंदाजपत्रकात त्यांचं नाव पहिल्याच दिवशी घाला. त्यांच्या वहीचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि काढलेत तर छापून एक प्रत त्यांना द्या.

पुसण्याची वेळही ठरवून ठेवा, नाहीतर झाडूवाल्या ताईंवर ते ओझं पडतं. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांत लहान मूल मधोमध पाणी शिंपडतं आणि मग सगळे हातानं पुसायला लागतात. लाल-पांढरा चिखल होतो, मुलं कोपरापर्यंत माखतात. एक मुलगी गेल्या खेपेला रडायला लागली, तिचा मोर जाणार म्हणून. काकूंनी तिच्या हातात रांगोळीची वाटी दिली आणि उद्या सकाळी दारात काढ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी वह्या न्यायला गेले, तर तिच्या उंबऱ्याशी मोर होता. दोन्ही पाय एकाच बाजूला.